घरची भाजी : आनंद, कष्ट आणि पथ्य

स्मरणिकेच्या निमित्ताने डॉक्टरांनी आपापल्या छंदांविषयी लिहावे, ही प्रथा आता रुळली आहे. आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणी गातात, कोणी छायाचित्रे काढतात, कोणी हौशी रंगभूमीवर उभे राहतात. माझा छंद यांपैकी कशातच बसत नाही. त्याचे प्रदर्शन भरत नाही, आणि त्याचे फळ बहुधा दुसऱ्या दिवशीच्या जेवणात संपून जाते. गेली अठरा वर्षे मी इंदुरातील आमच्या घराच्या गच्चीवर आणि मागच्या अरुंद अंगणात भाजीपाला लावतो आहे. या अनुभवातून जे हाती लागले, ते नव्याने सुरुवात करू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडावे अशा रीतीने येथे मांडत आहे. शेवटी, डॉक्टर या नात्याने सांगणे आवश्यक वाटतात अशी काही पथ्येही दिली आहेत.

हिशेब आधी

परसबागेविषयीचे लेख बहुधा तिच्या फायद्यांनी सुरू होतात. मी हिशेबाने सुरुवात करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रत्येक प्रौढ व्यक्तीने रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. चार माणसांच्या कुटुंबाला म्हणजे दिवसाला १.६ किलो, महिन्याला सुमारे ४८ किलो. माझ्या गच्चीने एवढे कधीही दिलेले नाही. भर हिवाळ्यात मेथी, पालक आणि कोथिंबीर यांची गरज भागते. पावसाळ्यात गिलकी-दोडकी शेजारी वाटण्याइतकी येतात. मे महिन्यात मात्र कढीपत्ता, अळूची चार पाने आणि पुदिना एवढ्यावर समाधान मानावे लागते. कुंड्या, माती, बियाणे आणि पाणी यांचा खर्च धरला तर पैशांच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच ठरण्याचा संभव अधिक.

तेव्हा बचतीसाठी बाग करू नये. बाग करावी ती तिच्या कामासाठी. हे वाक्य विचित्र वाटेल. पण ज्यांना फक्त तोडणीचा आनंद हवा असतो त्यांची बाग दुसऱ्या वर्षी सुकते, आणि ज्यांना रोजच्या किरकोळ कामाची गोडी लागते त्यांची टिकते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

माती आणि गच्ची

माळव्याची काळी माती शेतात सोने असली तरी कुंडीत ती अडचणीची ठरते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात कुंडीत चिखल साचून मुळे गुदमरतात, आणि उन्हाळ्यात मातीला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. म्हणून नुसती काळी माती कधीच भरू नये. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा जाडसर वाळू, हे मिश्रण आपल्याकडे चांगले चालते. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, हे दर पावसाळ्याआधी पाहावे.

पालेभाज्यांना १५ सेंटीमीटर खोली पुरते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना ३०, आणि दुधी-दोडक्यासारख्या वेलांना ४५ सेंटीमीटर तरी हवी.

गच्चीवर थेट वाफे करण्याची हौस अनेकांना असते. येथे थोडे गणित करावे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल वाफ्यातील ओल्या मातीचे वजन सुमारे ५०० किलो होते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो ती भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भाराचा विचार करून बांधलेली असते. म्हणून वाफ्यांऐवजी हलक्या मिश्रणाच्या कुंड्या वापराव्यात, त्या तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर मांडाव्यात, आणि जुने घर असेल तर आधी अभियंत्याला दाखवावे.

इंदूर पद्धत : आपल्याच गावचा वारसा

खताविषयी थोडे विस्ताराने लिहितो; कारण हा विषय इंदूरकराने तरी विसरू नये असा आहे. जगभरातील सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाणारी खतनिर्मितीची रीत याच शहरात सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आले. १९२४ मध्ये इंदूर येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था स्थापन झाली आणि हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. तेथे त्यांनी काडीकचरा, गुरांचे शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये या प्रयोगांवरचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटू नये. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी ही संस्था मुद्दाम पाहिली होती. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

या पद्धतीचे मर्म असे. कचऱ्याचे खत आपण करीत नाही. ते सूक्ष्मजीव करतात. आपले काम त्यांना अन्न, ओल आणि हवा योग्य प्रमाणात पुरवण्याचे. कोरडा पाला कर्ब देतो; शेण, हिरवा पाला आणि भाज्यांची साले नत्र देतात. ढीग नीट जमला की आतले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. मग हवा खेळावी म्हणून तो ठरावीक काळाने वरखाली करायचा. मूळ पद्धतीत पहिली फेरपालट सुमारे दोन आठवड्यांनी, दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी आणि तिसरी दोन महिन्यांच्या सुमारास होत असे.

घरी एवढा ढीग शक्य नाही. भोके पाडलेले एक पिंप पुरते. दोन भाग वाळलेला पाला आणि एक भाग स्वयंपाकघरातील ओला कचरा असे थर द्यावेत, मधूनमधून मूठभर जुने खत विरजणासारखे टाकावे आणि आठवड्यातून एकदा ढवळावे. ओल किती असावी? मूठ दाबली असता हाताला ओलावा लागावा, पण पाणी गळू नये. दुर्गंधी येऊ लागली तर समजावे की पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे. कोरडा पाला घालून ढवळावे, दोन-तीन दिवसांत वास जातो. घरच्या पिंपातील उष्णता मोठ्या ढिगाइतकी वाढत नाही. त्यामुळे मांस-मासळी, पाळीव प्राण्यांची विष्ठा आणि रोगट झाडे त्यात टाकू नयेत. त्यांतील जंतू टिकून राहू शकतात.

कोणी म्हणेल, आता याची गरज काय? आपले शहर २०१७ पासून सातत्याने देशातील स्वच्छ शहरांच्या अग्रभागी आहे. ओला कचरा घरोघरी वेगळा घेतला जातो, आणि दिवसाला ५५० टन क्षमतेचा जैव-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही घरातून निघालेले साल-देठ घरच्याच मातीत जाते आणि तीन महिन्यांनी मेथीच्या जुडीतून ताटात परतते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते. विशेषतः घरातील मुलांनी.

निरोगी मातीतूनच निरोगी पीक आणि निरोगी माणूस निपजतो, असा हॉवर्ड यांचा विश्वास होता. सेंद्रिय खतावरची भाजी खाल्ल्याने अमुक रोग टळतो, असे मात्र डॉक्टर म्हणून मी कोणालाही सांगत नाही. एवढे ठाम म्हणण्याजोगा पुरावा आपल्यापाशी नाही. माती जिवंत आहे आणि तिच्याकडून घेतले ते तिला परत दिले पाहिजे, ही त्यांची शिकवण मात्र कोणत्याही पुराव्यावाचून पटण्यासारखी आहे.

वर्षाचे चक्र

माळव्यात तीन हंगाम स्पष्ट दिसतात. जूनच्या उत्तरार्धात पाऊस स्थिरावला की दुधी, दोडका, गिलके, कारले, भेंडी, गवार आणि चवळी यांची पेरणी करावी. वेलांना मांडव आधीच उभारावा. वेल वाढल्यावर मांडव घालण्यात वेलही मोडतो आणि आपली कंबरही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोमॅटो, वांगी आणि फुलकोबी यांची रोपे तयार करून पाऊस ओसरताना त्यांची पुनर्लागण करावी. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर आणि मटार. पालेभाज्या एकदम न पेरता दर पंधरवड्याला थोड्या थोड्या पेराव्यात, म्हणजे एका आठवड्यात दहा जुड्या आणि मग महिनाभर काही नाही, असे होत नाही. फेब्रुवारीत पुन्हा भेंडी आणि वेलभाज्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, टोमॅटोची फुले गळतात. तेव्हा अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी, मातीवर वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे आणि बागेकडून फार अपेक्षा ठेवू नये.

अळूसाठी मात्र ऋतू पाहावा लागत नाही. जुन्या वाड्यांत न्हाणीचे पाणी जाई तेथे अळू हमखास असे. आजही सतत ओल राहणारा एखादा सावलीचा कोपरा त्याला दिला की वर्षभर वड्यांची सोय होते.

रोजची उठाठेव

या छंदातील कष्ट मोठे नाहीत, पण त्यांना सुटी नाही. पाणी हे पहिले काम. झारी उचलण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल असेल तर पाणी देऊ नये. कुंडीतली झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक पाण्याने मरतात. मान टाकलेले झाड तहानलेलेच असेल असे नाही. मुळे कुजली तरी ते तसेच दिसते. लक्षण एक आणि कारणे दोन, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

दुसरे काम निरीक्षणाचे. सकाळी पाने उलटून पाहावीत. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी हे सारे पानाच्या मागच्या बाजूला असतात. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. नाहीच भागले तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलीटर कडुलिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. मात्र मावा दिसला की लगेच फवारणी करण्याची घाई नसावी. दोन-चार दिवस थांबले तर पुष्कळदा लाल पाठीचे ठिपकेदार ढालकिडे येतात आणि ते व त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. आपण फवारा मारला तर तेही मरतात. उपचार न करण्याचा निर्णय हाही उपचारच असतो, हे व्यवसायात जितके अवघड तितकेच बागेत. याउलट भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर क्षणभरही थांबू नये. हा विषाणुजन्य रोग पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटून दूर करावे, म्हणजे बाकीची वाचतात.

तिसरे काम काहीसे मजेचे. गच्चीवर मधमाश्या कमी येत असतील तर वेलांना फुले धरतात, पण फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फुलातील पराग हाताने मादी फुलावर लावावा. ज्या फुलाच्या मागे इवलेसे फळ असते ते मादी फूल. येथे वेळेचे भान हवे. दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, तर गिलक्याची पहाटे. दवाखान्यातून परतल्यावर दोडका आणि जाण्यापूर्वी गिलके, असा माझा पावसाळ्यातला क्रम ठरून गेला आहे.

आणि शेवटचे काम, बाहेरगावी जाताना बाग कोणाच्या तरी हवाली करण्याचे. ठिबकची नळी आणि वेळ लावता येणारी तोटी उपयोगी पडते. पण त्याहून उपयोगी पडतो तो ज्याला आपण वर्षभर गिलकी दिली आहेत असा शेजारी.

काही वैद्यकीय पथ्ये

पहिले पथ्य डासांचे. कुंडीखालच्या ताटल्यांत आणि उघड्या बादल्यांत साचलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते ठिकाण. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व ताटल्या उपड्या करून, घासून कोरड्या कराव्यात. बाग राखून घरात डेंग्यू आणला तर त्या छंदाला काय म्हणावे?

दुसरे, हातापायांचे. मातीत काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस घेतलेली असावी. दर दहा वर्षांनी मात्रा घ्यावी. मधुमेही व्यक्तीने बागेत अनवाणी जाऊ नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर रुतलेला काटा कळत नाही, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. काम संपल्यावर पावले स्वच्छ धुऊन, पुसून, डोळ्यांनी पाहावीत. दमेकऱ्यांनी कोरडे खत चाळताना नाक-तोंड झाकावे. खत आधी किंचित ओलसर करून घेतल्यास धूळ उडत नाही. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांनी कुंड्या टेबलाच्या उंचीवर मांडाव्यात.

तिसरे पथ्य कडू दुधीचे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. दुधी, दोडका, काकडी या वर्गातील फळांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढतात आणि फळ कडू होते. कडू दुधीचा रस प्याल्याने तीव्र उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणे आणि मृत्यूदेखील झाल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. यावर उतारा नाही. घरचा म्हणून दुधी निर्धोक असतो असे नाही. कापल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे. 'कडू ते औषध' हा समज येथे प्राणघातक ठरू शकतो.

चौथे, कच्च्या भाजीचे. कोबीतल्या किड्यामुळे मेंदूत गाठी होतात असे रुग्ण विचारतात. कोबीवरची हिरवी अळी निरुपद्रवी असते. धोका असतो तो मानवी विष्ठेने दूषित झालेले पाणी किंवा खत यांतून भाजीवर आलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फीतकृमीच्या अंड्यांचा. आपल्या भाजीला कोणते पाणी मिळाले हे ठाऊक असणे, हा घरच्या बागेचा मला वाटणारा सर्वांत खरा लाभ आहे. तीच गोष्ट कीटकनाशकांची. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरण्यास आपल्या देशात २००५ मध्ये बंदी आली. पण बाजारातील जुडीवर काय मारले आहे हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. घरची भाजीही वाहत्या पाण्याखाली धुऊनच खावी, हे सांगणे नकोच.

पाचवे, औषधांचे. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाच्या घरी एकाएकी पालक आणि मेथीचा सुकाळ झाला तर के जीवनसत्त्व वाढून औषधाचा परिणाम कमी होतो. पालेभाजी बंद करू नये. प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमचा विचार आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा.

कोणासाठी?

या छंदाच्या आरोग्यविषयक लाभांबद्दल बरेच लिहिले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका प्रयोगात तीस बागप्रेमींना आधी ताण येईल असे काम देऊन मग अर्धा तास बागकाम किंवा घरात वाचन करण्यास सांगितले. दोन्ही गटांत कॉर्टिसॉल उतरले, पण बागकाम करणाऱ्यांत ते अधिक उतरले आणि त्यांचे मनही पुन्हा प्रसन्न झाले. प्रयोग लहान आहे. त्यावर इमारत उभारू नये. पण वाकणे, उचलणे, खुरपणे हा मध्यम स्वरूपाचा व्यायाम आहे, याबद्दल शंका नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज दोघेच, किंवा एकटेच वृद्ध राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या निधनानंतर दर आठवड्याला नवे दुखणे घेऊन येत. तपासण्या सर्व ठीक असत. एकदा मी त्यांना चार कुंड्या आणि मेथीचे बी दिले. त्यांची साखर त्यामुळे उतरली असे मी म्हणणार नाही. ती औषधांनी उतरली. पण दुखण्यांऐवजी ते बागेच्या बातम्या घेऊन येऊ लागले. मुलीशी फोनवर बोलायलाही त्यांना विषय मिळाला. गिलक्याला फळ धरले की नाही, हे ती तिकडून विचारू लागली. बाहेरगावी राहायला जाण्यास ते आता कुरकुर करतात, कारण झाडांना पाणी कोण घालणार? आपल्यावाचून कोणाचे तरी अडते आहे, ही भावना कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळत नाही.

म्हणूनच सुरुवातीला म्हटले की बाग तिच्या कामासाठी करावी. मोठी योजना आखू नये. एक रुंद कुंडी, मूठभर मेथीदाणे, दिवसाची पाच-सहा तास ऊन मिळणारी एक जागा आणि रोजची दहा मिनिटे एवढ्याने प्रारंभ करावा. चार-पाच दिवसांत अंकुर वर येतात आणि महिन्याभरात पहिली जुडी हाती लागते. ती दोघांच्या भाजीलाही पुरणार नाही, पण थालीपिठाला नक्की पुरेल. आणि कुंडी रिकामी झाली की तिच्यात घरचेच खत मिसळून पुढचे बी टाकावे.